पडद्यापुढची शिवकांता

लातूर,
११ जुलै २००७

अम्मार,

सलाम. तू फोन उचलत नाहीस, म्हणून फ्लेक्सच्या सीडीच्या पाकिटातच ही चिठ्ठी घालून नांदेडच्या एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे. सीडी जशी तातडीने उघडतोस, तशी हीही उघड. यंदा क्लासवाल्यांकडे गुणवंतांचं एवढं पीक आलं आहे की एका फ्लेक्सवर चेहरे मावत नाहीत. सगळ्यांना गोरं कर आणि मुरुमं पुस, असा सरांचा निरोप आहे. तुझी मजुरी नेहमीसारखी.

आता खरं काम. परवा दुकानात एक बाई आल्या होत्या, कस्तुराबाई. इथे एका मेसमध्ये क्लासच्या पोरांसाठी भाकरी थापतात. भाच्याच्या मुलाचे पासपोर्ट फोटो काढायचे होते. पोरगा स्टुलावर बसला आणि या बाई मागच्या पडद्याकडे बघत खिळून राहिल्या. अब्बांचा तो तळ्याचा आणि दोन हंसांचा पडदा मी अजून काढलेला नाही. म्हणाल्या, "ह्याच पडद्याम्होरं माजी शिवकांता हुबी ऱ्हायली व्हती."

त्यांचं गाव किल्लारीच्या अंगाचं. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात पोरीला स्थळं बघायची म्हणून लातूरला आणून अब्बांकडून फोटो काढून घेतला होता. आदल्या दिवशी भाकरी करताना पोरीचा उजवा हात भाजला होता, त्याला पट्टी होती. भाजलेला हात बघून स्थळ नकार देईल म्हणून अब्बांनी तो पदराखाली झाकायला लावला. पुढे सप्टेंबरात काय झालं ते तुला मी सांगायला नको. बाई तेव्हा बहिणीच्या बाळंतपणाला मुरुडला होत्या, म्हणून वाचल्या. नवरा, पोरगी, घर, आणि घरातला तो फोटो, सगळं मातीखाली गेलं. पोरीचा दुसरा फोटो कधी काढलाच नव्हता.

निगेटिव्ह असेल का, असं त्यांनी विचारलं आणि मी विचार न करता हो म्हणाले. अब्बांनी उभ्या जन्मात एक निगेटिव्ह फेकली नाही. ते गेल्यावर बिस्किटांचे ते सगळे डबे तू नांदेडला नेलेस, स्कॅन करून जपतो म्हणालास. तेव्हा 'उन्हाळा ९३' लिहिलेला डबा काढ आणि हातावर पदर घेतलेली मुलगी शोध. घाई कर.

तुझी,
सदफआपा


नांदेड,
२० जुलै २००७

आपा,

सलाम. तुझे गुणवंत गोरे करून पाठवतो आहे. त्यातल्या एकाला इतका गोरा केलाय की त्याची आई त्याला घरात घेणार नाही.

फोन उचलत नाही कारण मी कामात बुडालो आहे. बातमी ऐक. पुण्यात माझं प्रदर्शन ठरलं, डिसेंबरात. नांदेडात कुणाला सांगायला गेलो की विचारतात, लग्नाचे अल्बम करतोस का? म्हणून तुलाच सांगतो. आधी मी धावत्या बसमधून कॅमेरा मुद्दाम हलवून फोटो काढायचो. अहमदपूरच्या पुढची शेतं, झाडं, माणसं सगळी ओढली जाऊन नुसते पट्टे उरायचे. मग मामूंचे डबे हातात आले आणि मला माझं खरं काम सापडलं. मामूंचे लोक कसे ताठ उभे असतात! श्वास रोखून, गुन्हा केल्यासारखे. मी त्यांना कॉम्प्युटरवर घेतो आणि मोशन ब्लर देतो. कोन ठरवायचा, अंतर ठरवायचं, आणि माणूस हळूहळू आडवा वाहू लागतो. आधी डोळे जातात, मग नाक, शेवटी हनुवटी. त्यावर रंगाचे थर चढवायचे, पुन्हा ओढायचं. शेवटी नावगाव काही उरत नाही, फक्त हालचाल उरते. मामूंनी आयुष्यभर लोकांना 'हलू नका' म्हटलं. मी त्यांना हलायची परवानगी देतो.

तुझी शिवकांता मला आठवते. ती माझ्याकडे आहे, म्हणजे माझ्या सगळ्यात चांगल्या चित्रात आहे. पदराची कड ओढून मी जो केशरी पट्टा काढलाय, तो बघितलास तर जेवण विसरशील. पण ती भूकंपात गेली हे मला ठाऊक नव्हतं. हे तू फार कामाचं सांगितलंस. चित्राला एकदम वजन आलं. नाव बदलून 'हलती माती' ठेवतो आहे.

तुझा,
अम्मार


लातूर,
६ ऑगस्ट २००७

अम्मार,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पट्टा केशरी आहे हे कळलं. निगेटिव्ह कुठे आहे ते कळलं नाही.

कस्तुराबाई दर शुक्रवारी येतात, मेसला त्या दिवशी दुपारची सुट्टी असते. येताना फडक्यात धपाटी बांधून आणतात आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतात. घाई नाही, असं आपणच म्हणतात आणि दार वाजलं की मान वर करतात. पहिल्यांदा मला बरं वाटायचं. आता शुक्रवार आला की दुकान बंद ठेवावंसं वाटतं.

मी त्यांना विचारलं, चौदा वर्षं झाली, आत्ताच एवढी ओढ का? त्या म्हणाल्या, "डोळे मिटले की येती ती. पर आता अर्दीच येती. नाक येतंय, हसणं येतंय, हनुवटी यायची बंद झाली." सगळीच यायची बंद व्हायच्या आत त्यांना एकदा बघायची आहे, बस. एवढ्यासाठी एक बाई माझ्या दुकानात ठाण मांडून बसते, आणि तू मला कोन आणि अंतर शिकवतोस.

तुझं चित्र तू कर, पट्टे ओढ, नाहीतर आणखी काही कर. मला फक्त मूळ फोटो साधा छापून हवा आहे, तुझी कला न लागलेला.

सदफआपा


नांदेड,
१९ ऑगस्ट २००७

आपा,

रागावू नकोस, पूर्ण वाच.

निगेटिव्ह नाहीत. स्कॅन झाल्यावर मी सगळे डबे काढून टाकले. जुन्या काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हमध्ये थोडी चांदी असते, ती काढून घेणारा एक माणूस इथे फिरतो. पावसाळ्यात त्यांना बुरशी धरत होती, खोलीभर आंबूस वास सुटला होता. स्कॅन आहेतच, मग कचरा कशाला सांभाळायचा, असं वाटलं. त्या पैशातून प्रदर्शनाच्या फ्रेमा झाल्या. म्हणजे मामूंची चांदी मामूंच्याच कामी आली असं समज.

आणि शिवकांताचा स्कॅन. तो मी आधी वेगळा ठेवायला हवा होता, मान्य. पण काम रंगात आलं की हात थांबत नाही. सगळे थर एकत्र केले आणि त्याच नावाने सेव्ह केलं. आता उघडलं तर पट्टेच उघडतात. पट्ट्यांतून चेहरा परत निघत नाही. निघत असता तर मी चांगला ब्लर केला नाही, असा त्याचा अर्थ झाला असता.

आता व्यवहाराचं बोलू. बाईंना अर्धाच चेहरा आठवतो ना? मग सोपं आहे. त्या वयाची कुठलीही पोरगी घे. तुझ्या कॉम्प्युटरमध्ये क्लासच्या मुली ढिगाने पडल्या आहेत. रंग काढून टाक, मामूंचा पडदा लाव, थोडे ओरखडे मार. बाईंना लेक मिळेल, तुला तुझा शुक्रवार परत मिळेल. यात कुणाचं काय जातं?

अम्मार


लातूर,
२५ ऑगस्ट २००७

अम्मार,

तुला लाज नाही हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, पण इतकी नाही हे नव्हतं. अब्बांनी तुला डार्करूममध्ये मांडीवर बसवून शिकवलं आणि तू त्यांचा अख्खा जन्म चांदीवाल्याला विकलास.

मेलेल्या पोरीच्या जागी दुसरीचं तोंड लावायचं? मी हे करणार नाही आणि तूही करायचं नाहीस. परत हा विषय काढलास तर पाकिटं बंद करीन.

बाईंना खरं सांगायचं ठरवून मी शुक्रवारी बसले होते. त्या आल्या, धपाटी दिली आणि म्हणाल्या की चुलीसमोर खिळा ठोकून घेतलाय, फोटोसाठी. मग मी ठरवलेलं सोडून दिलं. शोधताहेत, एवढंच म्हणाले. तुझ्याकडे जुना कॉम्प्युटर आहे, कुठे एखादी सीडी पडली असेल, एकदा शेवटचं बघ. हात जोडून सांगते.

सदफ


नांदेड,
१४ सप्टेंबर २००७

आपा,

मिळाला! तुझे हात जोडलेले वाया गेले नाहीत. सुरुवातीला मशीन नीट चालतं का बघायला मी काही फोटो स्कॅन करून एका सीडीवर टाकले होते, ती सीडी कपाटामागे सापडली. त्यात ही होती. थोडी खराब झाली आहे, ओरखडे आहेत, पण चेहरा स्वच्छ. पदराखाली हात झाकलेला आहे, तळं आहे, हंस आहेत.

दहा बाय बाराचा प्रिंट पाकिटात आहे. घडी पडू देऊ नकोस. आणि मागच्या पत्रात मला जे जे म्हणालीस ते परत घे.

अम्मार


लातूर,
२ ऑक्टोबर २००७

प्रिय अम्मार,

परत घेतलं, सगळं. तुझ्या आवडीचा खवा अहमदपूरच्या ओळखीच्या कंडक्टरबरोबर पाठवते आहे.

फोटो मी मुद्दाम तीस सप्टेंबरला दिला, भूकंपात पोरगी गेली तो दिवस म्हणून. फ्रेम माझ्याकडून. कागद सोडला तेव्हा बाईंनी आधी पदराने काच पुसली. मग कितीतरी वेळ बघत राहिल्या. मला वाटलं रडतील, पण रडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, नाक जरा येगळं वाटतंय. मी म्हटलं, मावशी, चौदा वर्षं झाली, माणूस विसरतं. तुम्हीच म्हणत होता ना, अर्धीच आठवते म्हणून? हा अब्बांनी काढलेला फोटो आहे, अब्बांच्या फोटोत चूक होत नाही.

त्यांनी मान डोलावली आणि स्वतःच्याच गालावर चापट मारून घेतली. म्हणाल्या, "फोटू कसा खोटा बोलंल. म्याच भवानी इसरले, सोताच्या लेकीला."

आता मेसच्या स्वयंपाकघरात चुलीसमोर फ्रेम लावली आहे. सकाळी हळदीकुंकू वाहतात, आणि भाकरी थापताना तिच्याकडे बघून नाक, हनुवटी पाठ करतात, असं त्यांच्या भाच्याचा मुलगा सांगत होता. परत कधी विसरायची नाही म्हणून. मला तर फार समाधान वाटलं. अब्बांना या पुण्याचा सवाब मिळेल, आणि तुलाही.

तुझी,
आपा


नांदेड,
९ जानेवारी २००८

आपा,

पुणं झालं. तू आली नाहीस, त्याचा राग नाही, लग्नसराईत दुकान कसं सोडणार? लोक 'हलती माती'समोरून हलत नव्हते. एका बाईंनी विचारलं, हे नक्की काय आहे? मी म्हटलं, भूकंपात गेलेल्या एका मुलीचा हा शेवटचा फोटो आहे. त्या तिथेच डोळे पुसायला लागल्या. काही सांगितलं नसतं तर सोफ्यावर शोभेल का एवढंच विचारलं असतं.

आणि चित्र खपलं. कुणी घेतलं सांगू? इथल्या ज्या क्लासची ओळखपत्रं मी करतो, त्यांच्याच सरांनी. ते लातूरला शाखा काढताहेत, तिथे दर्शनी हॉलमध्ये लावणार आहेत. मराठवाड्याची जिद्द दिसते म्हणाले. मी हो म्हटलं. शाखा तुझ्या दुकानाजवळच आहे, जाऊन बघ तरी.

अम्मार


लातूर,
२१ जून २००८

अम्मार,

हे पत्र बसून वाच.

सीईटीचा निकाल लागला आणि तुझ्या त्या क्लासने इथल्या शाखेवर दोन मजली होर्डिंग चढवलं. नांदेडहून छापूनच आलं होतं, मी आधी पाहिलं नव्हतं. मध्ये एकच मुलगी आहे, राज्यात नाव काढलेली, शिल्पा. मी दुकानाच्या पायरीवरून तिच्याकडे पाहिलं आणि ओळखलं. हाच चेहरा मी फ्रेममध्ये घालून बाईंना दिला होता.

माझ्या आधी कस्तुराबाईंनी पाहिलं होतं. मेसची गाडी त्याच रस्त्याने जाते. त्या पोळ्यांचा डबा तसाच टाकून क्लासच्या दारात गेल्या. आज तिथे सत्कार होता. पोरगी हार घालून, आईबापाच्या मध्ये उभी होती. बाई गर्दीतून घुसल्या आणि तिचा उजवा हात धरून बाही वर सरकवायला लागल्या. भाजल्याची खूण शोधत होत्या. पोरगी घाबरून किंचाळली. वॉचमनने बाईंना दंडाला धरून बाजूला ओढलं, कुणीतरी चोर म्हणालं, कुणी वेडी म्हणालं. तिच्या बापाने एक ठेवूनही दिली.

मी पोचले तेव्हा बाई हॉलच्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. मागे जमिनीलगतपर्यंत तुझं चित्र आहे. डोकं मागे टेकलं होतं ते बरोबर त्या केशरी पट्ट्यावर. मला बघून म्हणाल्या, "साडेसतरा वर्साचीच हाय ती अजून. मातीखाली वय वाढत न्हाई का, बाई?"

आता लिही. काय केलंस ते सगळं लिही.

सदफ


नांदेड,
२७ जून २००८

आपा,

तुला माहीत होतं. मनातल्या मनात माहीत होतं. कपाटामागे सीडी सापडते, हे तू एवढ्या सहज मानलंस, कारण तुलाही तो शुक्रवार चुकवायचा होता.

हो, ती शिल्पा आहे. ओळखपत्राच्या फोटोंतून घेतली. साडी मामूंच्या दुसऱ्या कुठल्याशा गिऱ्हाइकाची, पडदा खरा. हुशार मुलींचे चेहरे मी मुद्दाम टाळले होते, ते उद्या होर्डिंगवर येतात हे मला कळतं. ही मधल्या बाकावरची, सरांनाही नाव न आठवणारी पोरगी होती. ती राज्यात येईल हे तिच्या बापाला तरी ठाऊक होतं का? नशीब माझं.

पण मला सांग, यात वाईट काय झालं? नऊ महिने त्या बाईला लेक होती. आधी काय होतं? रिकामा खिळा. तू फार मनाला लावून घेतेस.

एक विचारायचं आहे. तू लिहिलंस ते दृश्य माझ्या डोक्यातून जात नाही, बाई खाली बसलेल्या आणि डोकं चित्राला टेकलेलं. तुझ्याकडे तेव्हा कॅमेरा होता का? नसेल तर त्यांना पुन्हा तिथे बसवता येईल? एक साधा फोटो काढून दे, ब्लर मी करीन. पुढच्या प्रदर्शनाचं सगळं त्यात आहे.

अम्मार


लातूर,
१२ जुलै २००८

अम्मार,

या पाकिटात सीडी नाही. यापुढेही येणार नाही. क्लासवाल्यांना मी सांगितलं आहे, चेहरे आहेत तसे छापीन, पटलं तर या. तळ्याचा पडदा काढून गुंडाळून ठेवला.

तुझं म्हणणं खरं आहे. मला शुक्रवार चुकवायचा होता. म्हणूनच काल शुक्रवारी मी स्वतः मेसमध्ये गेले आणि चुलीपुढे बसून सगळं सांगितलं. निगेटिव्ह कशा गेल्या, फोटो कसा पुसला, ही पोरगी कोण आहे, आणि नाकाचं त्यांचं म्हणणं बरोबर असताना मी त्यांना कसं खोटं पाडलं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, भाजू दिली, आणि मग विचारलं, माझी मग कुठं आहे?

मी त्यांना क्लासच्या हॉलमध्ये घेऊन गेले. वॉचमनच्या हातापाया पडून आत सोडायला लावलं. तुझ्या चित्रासमोर उभं केलं आणि म्हटलं, मावशी, हीच शिवकांता. त्या जवळ गेल्या. केशरी पट्ट्यावर बोट ठेवून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेलं, मग खालचा पट्टा, मग त्याच्या खालचा. चित्राला पीठ लागलं म्हणून वॉचमन ओरडला. त्या मागे झाल्या आणि म्हणाल्या, चला, पोरांच्या रात्रीच्या जेवणाची वेळ झाली.

वाटेत मी म्हटलं, तो फोटो भिंतीवरून काढून मला परत द्या, मी जाळून टाकते. बाई रस्त्यातच थांबल्या. तुझ्या पुढच्या प्रदर्शनाला नाव लागेल, म्हणून त्यांचे शब्द आहेत तसे लिहिते:

"जाळा की. पर फोटू द्यायच्या आदी डोळे मिटले की माजी अर्दी तरी यायची. आता डोळे मिटले की हीच येती, सगळीच्या सगळी येती. हिला कुटं घालवू, तेवडं त्या दादाला इचारा."

विचारते आहे.

सदफ